कालव्यावरचा महासंघ

पाणी उताराकडे वाहतं, असं शाळेत शिकवतात. कालव्यावर नोकरी केलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. आमच्या अनुभवाप्रमाणे, ज्याच्या हातात टिकाव असेल त्याच्या रानाकडे पाणी वाहतं. मग तिकडे उतार असो की चढ.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. कधी कड्याच्या बाजूला, कधी युसूफ वडगावकडे, शेवटची वर्षं चकलांब्याच्या अंगाला. बीड जिल्ह्यात जिथे जिथे कालवा आहे, तिथे तिथे माझी मोटारसायकल पंक्चर झालेली आहे. 'निरीक्षक' म्हटलं की लोकांना फौजदार आठवतो. माझ्याकडे ना शिट्टी होती ना दंडुका. गुडघ्यापर्यंतचे बूट सरकारी होते आणि शिव्या ऐकून घेण्याची ताकद घरून आणलेली होती.

ज्यांनी कालवा फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलाय, त्यांच्यासाठी धंदा थोडक्यात सांगतो. धरणात साठा असला की रब्बीला पाणी पाळीपाळीने सोडतात. एक पाळी म्हणजे ठरावीक दिवस कालवा वाहता ठेवायचा आणि तेवढ्यात प्रत्येक गावाने आपली शेतं भिजवून घ्यायची. धरणाजवळचं गाव ते मुखाचं, सगळ्यात शेवटचं ते शेपटाचं. कागदोपत्री त्याला 'पुच्छ भाग' म्हणतात. त्या गावच्या माणसाला तोंडावर हा शब्द ऐकवायची माझी कधी हिंमत झाली नाही. नियम असा की आधी शेपूट भिजवायचं आणि मग वर वर सरकत यायचं. नियम चांगलाच आहे. पण पाणी जाणार मुखाच्या गावातूनच ना! वाटेतल्या प्रत्येक शेतकऱ्याला ते दिसतं, त्याचा आवाज येतो, आणि त्याचंही पीक तहानलेलं असतं. त्यामुळे शेपटाला पाणी पोचणं न पोचणं हे शेवटी वरच्यांच्या मनावर असतं. पोलीस बंदोबस्तात पाणी टोकाला नेलेलं मी पाहिलंय. जीप वळली रे वळली की कालव्याला खेकडे लागतात.

खेकड्यांचं सांगायलाच हवं. कालव्याच्या भरावात खेकडा बीळ करतो आणि तिथून पाणी झिरपतं, हे खरं आहे. पण जिल्ह्यातली निम्मी पाणीचोरी त्या गरीब प्राण्याच्या नावावर खपलेली आहे. एक बाबा होते, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, खोटं न बोलण्याचा नेम. त्यांच्या शेताला लागून भरावाला भोक पडलेलं, त्यातून घमेलं आरपार जावं एवढं. मी विचारलं तर म्हणाले, "खेकडा हो सायेब."

"बाबा, ह्या खेकड्याला टिकाव कुठून मिळाला?"

बाबांनी हात जोडले. "ते त्यालाच इचारा. मी कुणाच्या परपंचात पडत न्हाई."

अशा नोकरीत राज्यशास्त्राच्या एम.ए.चा काय उपयोग, असं घरची मंडळी मला टोचून विचारायची. मी ते बाहेरून परीक्षा देऊन केलं होतं. एका प्रश्नावर मी भरभरून लिहिलं होतं, तो असा की बाहेरच्या सत्तेने बांधून दिलेली संघराज्यं का टिकत नाहीत. इंग्रज जाता जाता बऱ्याच ठिकाणी चार मुलखांची मोट बांधून गेले. वेस्ट इंडिजच्या बेटांचं एक संघराज्य केलं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाने जनतेचं मत घेऊन अंग काढून घेतलं आणि पाठोपाठ सगळा डोलारा बसला. त्यांचा क्रिकेटचा संघ मात्र अजून एकत्र खेळतो. मध्य आफ्रिकेत तिथल्या काळ्या प्रजेला न जुमानता तीन मुलूख एकमेकांना जोडले, तेही दहाएक वर्षांत सुटले. आपल्याकडेही संस्थानिकांना जोडून संघराज्य करायचा कायदा त्यांनी करून ठेवला होता. आमच्या निजामासकट सगळे संस्थानिक चालढकल करत राहिले आणि ते मूल जन्मालाच आलं नाही. पुढे आपण आपले बसलो, वर्षानुवर्षं भांडलो आणि जे केलं ते टिकलं. या उत्तराला मला चांगले गुण मिळाले. तरी खरं कारण मला कळलं ते पुढे, बूट चिखलात रुतलेले असताना.

गावांची नावं बदलून सांगतो, नाहीतर आजही भांडण लागेल. मुखाला तांबेपिंपरी, मधे शेवगे आणि शेपटाला मेंढजवळा. तांबेपिंपरी म्हणजे काळी जमीन, मोसंबीच्या बागा आणि राजकारण. तिथले पुढारी रावसाहेब बोलायचे कमी आणि ऐकायचे त्याहून कमी. मेंढजवळ्यात बहुतेक घरं धनगरांची. थोडी हलक्या जमिनीतली शेती आणि मेंढ्या. पुरुष माणसं कळपामागे रानोमाळ, त्यामुळे गावचा कारभार पार्वताबाईंच्या हातात आलेला. साठी ओलांडलेली उंच बाई. सरकारी माणसाला बसायला घोंगडी टाकायची, चहा द्यायची आणि मग सोलून काढायची.

या गावांमध्ये एक रिवाज होता. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की मेंढजवळ्याचे कळप तांबेपिंपरीच्या वावरात बसायला यायचे. मेंढ्या शेतात मुक्कामाला बसवल्या की त्यांच्या लेंड्यांनी जमीन खतावते आणि शेतकरी त्याबद्दल धनगराला धान्य देतो. ही पद्धत सगळीकडेच आहे. इथे त्याला आणखी एक पदर होता. ज्यांची मेंढरं चैत्रात आपल्या रानात बसतात, त्यांचं पाणी पौषात अडवायचं नाही. हे कुणी कधी ठरवलेलं नव्हतं. विचारलं असतं तर दोन्ही गावांनी कानांवर हात ठेवले असते. कळप शेवग्याहून जायचे आणि तिथेही मुक्काम करायचे, म्हणून शेवगेही गप्प असायचं.

हे रामराज्य होतं असं मी म्हणणार नाही. मेंढजवळ्याला पाणी हक्कापेक्षा थोडं कमीच पोचायचं, आणि दरवर्षी कुणाला तरी तांबेपिंपरीच्या पारावर जाऊन नरमाईने बोलावं लागायचं. पण पाणी पोचायचं.

मग एक परदेशी प्रकल्प आला. ते कालव्याला सिमेंटचं अस्तर करून देणार होते. अट एकच, तिन्ही गावांच्या पाणी वापर संस्थांनी मिळून एक महासंघ करायचा. प्रकल्पाबरोबर एक सल्लागार आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. भर उन्हात माझ्याबरोबर पायी कालवा फिरायचे, कुणाच्याही ओसरीवर पिठलं-भाकरी आवडीने खायचे. पण महासंघाची घटना ते येतानाच बरोबर घेऊन आले होते, त्यात गावांची नावं तेवढी घालायची होती.

मी त्यांना म्हणालो, "साहेब, जरा थांबू या. ह्या तीन गावांना आधी आपसांत पोटभर भांडून घेऊ द्या."

ते हसले. "अहो, भांडणं टाळायलाच तर महासंघ आहे!"

मंडप पडला, फेटे बांधले गेले, हात वर झाले. अस्तर कुणाला नको होतं? घटनेत लिहिलं होतं की प्रत्येक गावाला क्षेत्राप्रमाणे पाणी, पाण्याच्या बदल्यात कुणी कुणाकडून काही घ्यायचं नाही, आणि दरवाजे उघडायचे ते महासंघाच्या तालुक्याच्या कार्यालयातून आदेश आल्यावरच. कागद म्हणून पाहिलं तर जुन्या रिवाजापेक्षा हे कितीतरी न्यायाचं होतं. पार्वताबाई मला म्हणाली, "सायेब, आता कुणाच्या पाराखाली हुबं ऱ्हायला नगं. लई बरं झालं." तिचा आनंद खरा होता, आणि मलाही तो पाहून बरं वाटलं होतं.

पुढची दोन-चार वर्षं धरण भरत होतं, त्यामुळे सगळं सुरळीत दिसलं. आतून मात्र धागे उसवत होते. पाणी कायद्याने मिळणार म्हटल्यावर मेंढजवळ्याच्या कळपांना तांबेपिंपरीचं बंधन उरलं नाही. गोदाकाठचे बागायतदार धान्य जास्त देत होते, मेंढरं तिकडे गेली. रावसाहेबांनी मनाला लावून घेतलं, पण बोलले नाहीत. त्यांनी खताच्या गोण्या आणल्या. शेवग्याला काही विचारायचं असलं की ते सल्लागारांना फोन करायचे. मेंढजवळ्याची तक्रार असली तरी सल्लागारांना फोन. तांबेपिंपरीची तर दिवसाला दोनदा. सल्लागार सगळ्यांचं ऐकायचे आणि गोडीगुलाबीने मिटवायचे. तिन्ही गावांची तोंडं त्या एका माणसाकडे आणि पाठी एकमेकांकडे. माझ्या एम.ए.च्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. बाहेरून बांधलेल्या संघात प्रत्येकाचं नातं बांधणाऱ्याशी असतं, शेजाऱ्याशी नसतं. बांधणारा उठून गेला की सगळे वळून एकमेकांकडे पाहतात आणि त्यांना समोर परका माणूस दिसतो.

प्रकल्पाची मुदत संपली. सल्लागारांना शाल-श्रीफळ मिळालं. तालुक्याच्या कार्यालयाला कुलूप लागलं. आणि लगोलग पाऊस ओढ देऊन बसला.

धरण अर्धंही भरलं नाही. रब्बीची पाळी सुटली आणि तांबेपिंपरीने खालच्या गावांकडचा दरवाजा पाडून बंद केला. पाणी मोसंबीला वळलं. शेवग्याला थोडंफार पाझरलं. मेंढजवळ्याचा कालवा कोरडा ठणठणीत, त्या सुंदर सिमेंटच्या अस्तरावर पोरं चेंडू खेळत होती.

मेंढजवळ्यात ज्वारी पोटरीला आलेली होती. ज्वारीचं कणीस बाहेर पडायच्या बेतात असताना पाणी मिळालं नाही तर ते भरत नाही, धाट बारीक राहतं. म्हणजे दाणाही नाही आणि कडबाही नाही. कडबा नसला तर उन्हाळ्यात व्यायलेल्या मेंढ्या काय खाणार? होळीच्या आत कळप बाजारात जाणार. आणि एकदा कळप विकलेला धनगर हातात कोयता घेऊन उसाच्या फडावर जातो, त्याचा कळप पुन्हा उभा राहत नाही. हे मी पाहिलंय. एका पाळीवर गावच्या गाव टांगलेलं होतं.

पार्वताबाईने सल्लागारांना फोन लावला. ते दुसऱ्या राज्यात दुसरा महासंघ बांधत होते. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

मी रावसाहेबांकडे गेलो. ते बागेत होते.

"रावसाहेब, खालचा दरवाजा उचला. मेंढजवळ्याची ज्वारी जाईल."

"माझ्याकडं कावून आला तुमी? महासंघ हाय ना. त्याला इचारा."

"महासंघ मेला, रावसाहेब."

"मंग तेराव्याचं बोलावणं धाडा, यीन मी."

मला राग आला. दरवाजा माझ्या अधिकारात होता, मी स्वतः उचलू शकलो असतो. पण दरवाजा उचलणं सोपं असतं. तिथून खाली चार कोस कालवा तांबेपिंपरीच्या आणि शेवग्याच्या रानांतून जातो आणि त्या चार कोसांत खेकडे फार. म्हणून मी मेंढजवळ्याला गेलो आणि पार्वताबाईला म्हणालो, "माझ्यानं हे होणार नाही. तुम्ही बोला त्यांच्याशी."

ती भडकली. "मी जाऊ? आमी मागायला जायचं कावून? कायद्यानं पानी आमचं हाय, तुमीच हात वर करून घेतले ना आमचे?"

तिचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. हक्क हातात असलेल्या माणसाला जाऊन बोल म्हणून सांगणं फार जड जातं, आणि ते मला आजही बोचतं. पण ज्वारी उभी वाळत होती. मी म्हणालो, "मागायला नका जाऊ. भांडायला जा. पण त्यांच्याशी भांडा, माझ्याशी नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कालव्याच्या दरवाजावर आली. बरोबर गावच्या बाया आणि दोन-तीन म्हातारे. शेवग्याची मंडळी निरोपावर आली होती. रावसाहेब कठड्याला टेकून उभे होते.

"रावसाब, मी मागायला आले न्हाई. पानी कायद्यानं आमचं हाय."

"मंग कायदा सोडा की कालव्यात, अक्का. भिजतंय का बगू रान."

त्यांची माणसं हसली. मला वाटलं, संपलं सगळं. पार्वताबाई खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि शांत आवाजात म्हणाली, "हसून घ्या. आमची मेंढरं गोदाकाठी गेली, तवा तुमी एकदा तरी इचारलं का, का गेली म्हणून? तुमी इचारलं न्हाई, आमी सांगितलं न्हाई. दोघंबी त्या सायबाला सांगत बसलो. आपलं बोलणंच तुटलं."

रावसाहेब कठडा सोडून दोन पावलं पुढे आले. मग म्हणाले, "गोण्या टाकून टाकून मपलं रान दगड झालंय, अक्का. मोसंबी पिवळी पडायलीय."

"मंग आणू का मेंढरं माघारी?"

"आणा."

"आणते. पर पान्याच्या बदल्यात न्हाई. मेंढरं बसवायचं धान येगळं अन् पान्याचा हिस्सा येगळा. हिस्सा आमचाच हाय, ते तुमी कबूल करा."

"केलं. अन् उद्या कुणाला पटलं न्हाई तर? शेवग्यानं कालवा फोडला तर?" शेवग्याच्या एका तरण्या गड्याने लगेच बाह्या सरसावल्या, "आमचंच नाव कावून घेतो बे?" त्याला त्याच्याच चुलत्याने दटावून बसवलं.

पार्वताबाई म्हणाली, "तेच म्हणते मी. आधी सुटायचं कसं ते ठरवा. मागच्या बारीला निरगाठ मारली. कोकराला कुणी निरगाठीनं बांधतं का? वढ बसली की फास लागून मरतंय. त्याला सुरगाठ मारावी, वढली की सुटली पायजे. मंग ते वढत बी न्हाई."

आणि त्या दुपारी तिन्ही गावांनी सगळ्यात आधी ठरवलं ते बाहेर पडायचं. दरवर्षी दसरा झाला की पेरणीआधी दरवाजावर जमायचं आणि प्रत्येक गावाला विचारायचं, यंदा आहात का? नसाल तर तिथेच सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी वाकडा शब्द बोलायचा नाही, त्याचा हिस्सा त्याला मिळेल पण वाटेत कुणी पाणी फोडू नये ही राखण त्याची त्याने करायची. असणाऱ्यांनी एकमेकांची राखण करायची. राज्यशास्त्राची जाडजूड पुस्तकं मी वाचली होती. त्यांत ज्या कलमावर देशच्या देश अडखळतात, ते इथे चहा थंड व्हायच्या आत ठरलं. कारण ज्यांना बांधून घ्यायचं होतं तेच बोलत होते.

रावसाहेबांनी आधी स्वतःच्या बागेकडे जाणाऱ्या पाण्याचं दार बंद केलं आणि मग खालचा दरवाजा उचलला. शेवग्याची माणसं आपल्याच बांधावर राखणीला बसली, आणि नोकरीत पहिल्यांदाच मी सबंध कालवा फिरलो तरी मला एकही खेकडा भेटला नाही. पाणी मेंढजवळ्यात शिरलं तेव्हा बाया कालव्याच्या काठाने पाण्याबरोबर चालत आल्या. मी तोंड फिरवून मोटारसायकलची साखळी बघत बसलो, कारण डोळे भरले होते.

सगळं वाचलं नाही. ज्वारी उशिरा भिजली आणि हलक्या रानांतली हातची गेली. पार्वताबाईचं रान शेपटाच्याही शेपटाला. तिच्या वाट्याला पाणी आलं तोवर धाटं करपली होती. तिच्या दावणीला शेजाऱ्यांनी कडबा टाकला. गावचे कळप विकले गेले नाहीत. चैत्रात ते तांबेपिंपरीच्या वावरात बसले.

ही व्यवस्था आजही चालू आहे. मधे एक वर्ष शेवग्याने "न्हाई" म्हटलं. शब्दाप्रमाणे कुणी वाकडं बोललं नाही. हंगामातल्या सगळ्या पाळ्यांत रात्रंदिवस स्वतःची राखण करून शेवगे थकलं आणि पुढच्या दसऱ्यानंतर येऊन मुकाट्याने बसलं. एकाला सुखरूप बाहेर पडता आलं हे बाकीच्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर मात्र त्या तिघांतली वीण घट्ट झाली. वेस्ट इंडिजवाल्यांनी अशी सुरगाठ मारली असती तर काय झालं असतं मला ठाऊक नाही, पण तो पेपर मी आज लिहिला तर ह्या शेवग्यावरच निम्मी पुरवणी भरेन.

गेल्या वर्षी पुन्हा मंडप पडला. मी निवृत्त झालेलो, तरी जुना माणूस म्हणून मला पुढच्या खुर्चीत बसवलं. प्रकल्प नवा, सल्लागार नवे. ह्या वेळी सबंध कालव्यावरच्या सगळ्या गावांचा मिळून मोठा महासंघ होणार होता, आणि दरवाजे थेट जिल्ह्याच्या ठिकाणाहून, मोटारीवर, बटण दाबून उघडणार होते. पडद्यावर आमच्या तीन गावांचा फोटो दाखवून त्यांनी कौतुकही केलं. अध्यक्ष म्हणून रावसाहेबांचं नाव आधीच छापून आलेलं, मंचावर मधल्या खुर्चीत त्यांना बसवलेलं. ते आता थकलेत, पण अध्यक्षपदाचं नाव निघालं की त्यांचा चेहरा अजून उजळतो. मेंढजवळ्याच्या बाया मागे सतरंजीवर होत्या.

सल्लागार म्हणाले, "आता संमतीसाठी सगळ्यांनी हात वर करा."

पार्वताबाई उभी राहिली. आता ती काठीच्या आधाराने चालते, आवाज मात्र तोच. "सायेब, एक इचारू का? आमाला न्हाई म्हणता येतंय का?"

सल्लागार समजुतीच्या सुरात हसले. "मावशी, योजना वरून मंजूर झालीय. आता फक्त तुमचा होकार हवाय."

"जिथं न्हाई म्हणता येत न्हाई," ती म्हणाली, "तितं आमच्या होकाराला काय किंमत?"

आणि ती चालू लागली. तिच्यामागे बाया उठल्या. मी मंचाकडे पाहिलं. रावसाहेबांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला, पायऱ्यांचा अंदाज घेत सावकाश खाली उतरले आणि तिच्या मागोमाग मंडपाबाहेर गेले.